कार्यभार सोपविताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत, संतवाङ्मय, शिवचरित्र अशा विषयांची परंपरा आहे. त्या पंक्तीत माझा आजचा विषय थोडा रूक्ष वाटेल. मी वैद्य नाही, वकील नाही. बी.ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलेला आणि तीस वर्षे फायलींच्या सहवासात काढलेला एक माणूस आहे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. जन्मापासून किंवा लहानपणापासून दीर्घ आजार अथवा अपंगत्व असलेली आपली मुले वयात येतात, तेव्हा त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासह आपण काय करावयाचे, हा तो विषय होय.

मागून घेण्याचे कारण सांगतो. गणेशोत्सवात असे एखादे पाच वर्षांचे मूल आईच्या कडेवर येते तेव्हा सारे त्याच्या गालाला हात लावतात. तेच मूल सोळा वर्षांचे होते, त्याला मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, आणि मग ते कुटुंब हळूहळू दिसेनासे होते. आरतीला वडील एकटे येतात. आई घरी थांबलेली असते. पुढच्या वर्षी आई येते, वडील घरी असतात. आपण कोणी त्यांना येऊ नका असे म्हटलेले नसते. परंतु वाढलेल्या मुलासाठी आपल्या मांडवात जागा कोठे आहे, हे त्यांना दिसत नाही आणि आपणही दाखवीत नाही.

हा प्रश्न तसा नवा आहे, आणि वैद्यकशास्त्राच्या यशातून जन्मलेला आहे. जानेवारी 1922 मध्ये कॅनडातील टोरांटो येथे मधुमेहाच्या ज्या पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचण्यात आले, तो लिओनार्ड थॉम्प्सन चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यापूर्वी बालवयात मधुमेह झालेल्या मुलाचे आयुष्य थोडक्या काळात संपत असे. त्याच्या तारुण्याची चिंता करण्याची वेळच येत नसे. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. आज त्याच आजाराची माणसे नोकऱ्या करतात, संसार करतात, नातवंडे पाहतात. थॅलसीमियाच्या मुलांना दर दोनचार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्तातून शरीरात साठणारे लोह बाहेर काढावे लागते. पूर्वी त्यासाठी रात्र रात्र त्वचेखाली औषध सोडावे लागे. 1990 च्या दशकात भारतात त्यावर तोंडाने घेण्याचे औषध मिळू लागले. हृदयात जन्मजात दोष असलेली, शस्त्रक्रिया झालेली बहुसंख्य मुले आता प्रौढ होतात. म्हणजे ‘मूल जगेल का’ या प्रश्नाची जागा आता ‘मूल मोठे झाल्यावर कसे जगेल’ या प्रश्नाने घेतली आहे. पहिल्या प्रश्नाला डॉक्टर उत्तर देत होते. दुसऱ्याचे उत्तर बव्हंशी आपल्याला, घरच्यांना, शोधावयाचे आहे.

आम्हां सरकारी नोकरांना बदली नवी नाही. बदली झाली की कार्यभार सोपवावा लागतो. किल्ल्या, रोख शिल्लक, नोंदवह्या, प्रलंबित प्रकरणे या साऱ्याची यादी होते, घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, दोघांच्या सह्या होतात. जो अधिकारी खुर्चीवर बसल्या बसल्या टेबलाचा खण उघडून ‘हे घ्या’ म्हणून निघून जातो, त्याच्या मागे येणाऱ्याचे हाल होतात. आजारी मुलाच्या बाबतीत आईबाप दहापंधरा वर्षे एक कार्यभार सांभाळीत असतात. औषधांच्या वेळा, डॉक्टरांची नावे, कागदपत्रे, कोणत्या लक्षणाला घाबरावयाचे आणि कोणत्याला नाही, हे सारे बहुतेक आईच्या डोक्यात असते. अठरावे वर्ष लागते आणि तो कार्यभार कोणाकडे जाणार हे ठरलेलेच नसते. माझे आजचे सारे म्हणणे एवढेच आहे की, हा कार्यभार एका दिवसात सोपविता येत नाही. बारातेराव्या वर्षापासून तो थोडा थोडा सोपवीत गेले पाहिजे.

अठराव्या वर्षी नेमके काय बदलते? पहिले म्हणजे डॉक्टर बदलतात. बालरोगतज्ज्ञ मुलाला जन्मापासून ओळखत असतात, आईशी बोलतात, चुकले तर रागावतात आणि घरी दूरध्वनीही करतात. प्रौढांच्या विभागात गेल्यावर डॉक्टर समोरच्या तरुणाकडे पाहून विचारतात, ‘काय होते?’ आणि तरुण आईकडे पाहतो. काही इस्पितळांत तर हा बदल अठरापूर्वीच, बाराव्या किंवा चौदाव्या वर्षी होतो. दुसरे म्हणजे कायदा बदलतो. 1875 च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण होताच माणूस सज्ञान होतो. त्याची बुद्धी वयाच्या मानाने वाढली नसली तरी कायद्याच्या दृष्टीने आईबाप त्या दिवसापासून त्याचे पालक राहत नाहीत. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर, बँकेच्या कागदावर सही कोणी करावयाची, हा प्रश्न त्या दिवशी उभा राहतो. तिसरे म्हणजे शाळा संपते. शाळा नुसती शिकवीत नाही, ती दिवसाला आकार देते. ती सुटली की कित्येक मुलांचा दिवस पलंग आणि दूरदर्शन संच यांच्यामध्ये संपतो.

आता ही मुले दोन प्रकारची असतात हे ध्यानात घ्यावे. काहींचे शरीर आजारी असले तरी बुद्धी शाबूत असते. त्यांच्याकडे कार्यभार पूर्णपणे सोपवावयाचा असतो. काहींना आयुष्यभर कोणाची तरी सोबत लागणार असते. त्यांच्या बाबतीत कार्यभार काही अंशी त्यांच्याकडे आणि काही अंशी दुसऱ्या विश्वासू हाती जावयाचा असतो.

पहिल्या प्रकारातील उदाहरण माझ्या घरातलेच आहे. माझ्या धाकट्या मुलीला आठव्या वर्षी, आम्ही जबलपूरला असताना, इन्सुलिनवर अवलंबून राहावे लागणारा मधुमेह निघाला. ती तेरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हां उभयतांना अगदी सौजन्याने सांगितले, ‘आपण दहा मिनिटे बाहेर बसा. आजपासून पहिली दहा मिनिटे मी हिच्याशी बोलेन, नंतर आपल्याशी.’ बाहेरच्या बाकावर ती दहा मिनिटे आम्हांस फार मोठी वाटली. परंतु पुढे गुवाहाटीस बदली झाली आणि नव्या डॉक्टरांनी प्रश्न विचारले, तेव्हा मुलीने स्वतःच्या आजाराचा सारा इतिहास न अडखळता सांगितला. त्याचे मूळ त्या बाकावरच्या दहा मिनिटांत होते.

त्या डॉक्टरीणबाईंकडून शिकलेल्या काही गोष्टी येथे सांगतो, कारण त्या मधुमेहापुरत्या मर्यादित नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षी मुलाला आपल्या आजाराचे नाव, औषधांची नावे आणि ती कशासाठी आहेत हे सांगता यावे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी औषध संपत आले हे त्याच्या ध्यानात आधी यावे, आपल्या नंतर. सोळाव्या-सतराव्या वर्षी डॉक्टरांची वेळ त्याने ठरवावी, फाईल त्याने सांभाळावी, संकटसमयी काय करावयाचे ते त्याला आणि त्याच्या एका मित्राला ठाऊक असावे. मधुमेहात याचा अर्थ असा की, रक्तातील साखर उतरली तर तीन चमचे साखर ताबडतोब घ्यावयाची आणि पाव तासाने पुन्हा तपासावयाचे. आणि उलट्या होऊन जेवण जात नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करावयाचे नाही. आमच्या घरी गणेशचतुर्थीला एका उकडीच्या मोदकामागे किती मात्रा वाढवावी लागते, हा हिशेब आता मुलगी करते. तिच्या आईला फक्त मोदक करावे लागतात.

वयात येण्याच्या काळात एक विचित्र योग जुळून येतो. शरीरातील बदलांमुळे याच वयात इन्सुलिनची गरज वाढते, आणि याच वयात मूल कोणाचे ऐकेनासे होते. चारचौघांत सुई टोचून घेण्याची लाज वाटते, मात्रा चुकविली जाते, वहीत खोटे आकडे लिहिले जातात. थॅलसीमियाची, दम्याची, अपस्माराची मुलेही याच वयात औषध टाळतात. अशा वेळी आईबाप रागावून सारा कार्यभार पुन्हा आपल्या हाती ओढून घेतात. तज्ज्ञ सांगतात ते याच्या अगदी उलट आहे. देखरेख वाढवावी, परंतु जबाबदारी काढून घेऊ नये. रात्रीची मात्रा त्याने स्वतःच घ्यावी, आपण शेजारी बसावे.

आणखी एका गोष्टीविषयी आपण मराठी माणसे बोलावयास संकोचतो. आजारी मुलगा किंवा मुलगीही तरुण होते. लग्न, संतती, तंबाखू, मद्य हे प्रश्न त्यांच्याही आयुष्यात येतात. थॅलसीमिया किंवा सिकलसेल असलेल्या तरुणाने जोडीदाराची रक्ततपासणी लग्नाआधी करून घेणे किती आवश्यक आहे, हे त्याला कोणी तरी स्पष्ट सांगावयास हवे. आपल्या विदर्भातील कुटुंबांना तर सिकलसेल अपरिचित नाही. अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते. म्हणून मुलगी मोठी होऊ लागली की तिचे औषध तेच ठेवावे की बदलावे, हा प्रश्न डॉक्टरांना आपण होऊन विचारावा. स्वतःच्या मनाने मात्र ते बंद करू नये. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाच्या आड येणारा दोष मानला जाई. 1999 च्या दुरुस्तीने तो शब्दच वगळण्यात आला. कायद्याने जो डाग पुसला, तो आपण लपवालपवी करून पुन्हा लावू नये. लपवून केलेल्या लग्नात औषध चुकते आणि झटका सासरी येतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या मुलांकडे वळतो. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा अवस्थांत सोबत आयुष्यभर लागते. पण सोबत लागते म्हणजे मत नसते असे नव्हे. ज्याला पैशाचा हिशेब कळत नाही त्यालाही कोणता सदरा घालावा हे कळते, कोणाजवळ बसावे आणि कोणाजवळ बसू नये हे तर आपल्यापेक्षा अधिक कळते. ‘चौकट राजा’ हा 1991 चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातला नंदू हे लहान मूल नाही, तो वयाने वाढलेला पुरुष आहे, आणि ते चित्र आपल्या मनात इतकी वर्षे राहिले ते त्यामुळेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मर्यादित पालकत्वाची जी कल्पना आणली तिचा गाभा हाच आहे: पालकाने त्या व्यक्तीच्या वतीने परस्पर निर्णय घ्यावयाचा नाही, शक्य तितका तिच्याबरोबर बसून घ्यावयाचा.

अशा मुलांसाठी महाराष्ट्रात मोठे काम झाले आहे. मुंबईची जय वकील शाळा 1944 पासून आहे. पुण्यात सिंधुताई जोशींनी 1964 साली ‘कामायनी’ सुरू केली. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते बदलापूरच्या ‘आधार’चे उदाहरण, कारण ती संस्था मतिमंद मुलांच्या पालकांनीच उभी केली, आणि तीही ‘आपल्या मागे काय’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून. आपण येथे हजार मैलांवर आहोत. आत्या, मावशी, काका हाकेच्या अंतरावर नाहीत. म्हणून आपल्याला हे उत्तर कागदावर अधिक लवकर मांडावे लागते.

तेव्हा कागदांविषयी थोडे बोलतो. हा प्रांत माझा आहे.

पहिला कागद दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि त्यांत थॅलसीमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश झाला. मधुमेह त्यांत नाही. लहानपणी मिळालेला दाखला पुष्कळदा ठराविक मुदतीचा असतो. तो संपण्यापूर्वी नवा करून घ्यावा.

दुसरा कागद पालकत्वाचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून अठरा वर्षांपुढील व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ही कटकट नव्हे, मुलाचे संरक्षण आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो.

तिसरा कागद आपल्या सेवापुस्तकातला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलाला कुटुंबनिवृत्तिवेतन साधारणतः पंचवीस वर्षांपर्यंत मिळते. परंतु अपंगत्वामुळे जो उपजीविका करू शकत नाही, त्या मुलाला ते आजन्म मिळू शकते. 2021 मध्ये त्यासाठीची उत्पन्नाची मर्यादाही शिथिल झाली. मात्र मुलाचे नाव कुटुंबाच्या तपशिलात असले पाहिजे, वैद्यकीय दाखला असला पाहिजे, आणि बौद्धिक अपंगत्व असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या पालकाचे नामनिर्देशन आपल्या हयातीत केलेले असले पाहिजे. केंद्रीय आरोग्य योजनेतही मुलाला पंचवीसची मर्यादा आहे आणि दिव्यांग आश्रित मुलाला ती नाही. 2014 च्या आदेशाने अशा मुलाची प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या कर्मचाऱ्यास, प्रशासकीय अडचण नसेल तर, नेहमीच्या बदल्यांतून सूट मागता येते. आईला किंवा एकट्या पित्याला मिळणाऱ्या 730 दिवसांच्या बालसंगोपन रजेसाठी दिव्यांग मुलाच्या वयाची अटही आता उरलेली नाही.

हे नियम मी पाठ म्हणून दाखवितो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक प्रकरण आले. निवृत्त कर्मचारी वारला, पाठोपाठ त्याची पत्नी वारली, मागे चाळिशीतला मतिमंद मुलगा राहिला. त्याचे नाव एकाही कागदावर नव्हते. बापाने ते लाजेने लिहिले नव्हते की विसरला होता, हे आता कोण सांगणार? त्या मुलाची विवाहित बहीण दोन वर्षे दाखले गोळा करीत फिरली. वेतन अखेर मंजूर झाले. ती शेवटच्या दिवशी आदेश न्यावयास आली तेव्हा भाऊ बरोबर होता. तिने त्याला सही करावयाची जागा बोटाने दाखविली, आणि त्याने तेथे मोठ्या कष्टाने आपले नाव लिहिले. त्याला नाव लिहिता येत होते. बापाने ते लिहिले असते तर दोन वर्षे वाचली असती.

त्या बहिणीवरून आणखी एक सांगावेसे वाटते. भाऊ किंवा बहीण पुढे सांभाळीलच, असे गृहीत धरू नये. त्याला किंवा तिला विचारावे, तेही लग्नाआधी आणि मोकळेपणी. ‘नाही’ म्हणण्याची मुभा देऊन विचारलेल्या प्रश्नाला मिळालेला ‘हो’ पुढे टिकतो.

शेवटी मंडळाकडे काही मागणे आहे. इतर शहरांतील मंडळांशी आपला पत्रव्यवहार आहेच. अशा कुटुंबाची बदली झाली की नव्या शहरातल्या एका मराठी घराचे नाव व दूरध्वनी त्याच्या हाती द्यावा. कोणते इस्पितळ, कोणते डॉक्टर, इन्सुलिन कोठे मिळते, रक्तपेढी कोठे आहे, एवढे सांगणारे एक घर पुरते. दुसरे, तीन महिन्यांतून एका रविवारी मंडळाच्या सभागृहात निवृत्त मंडळींनी अर्ज भरण्यास मदत करावी. आपल्यात अर्जांची भाषा जाणणारे पुष्कळ आहेत, आणि मी स्वतः पहिल्या रविवारी हजर राहीन. तिसरे, प्रत्येक घराने एक पानाचे टिपण तयार करावे: आजाराचे नाव, झालेल्या शस्त्रक्रिया, औषधे व मात्रा, कशाची ॲलर्जी आहे, रक्तगट, डॉक्टरांचे नाव आणि तातडीच्या वेळी काय करावयाचे ते. टिपण हिंदीत आणि इंग्रजीत असावे, कारण अपघात विभागातल्या डॉक्टरांना मराठी येईलच असे नाही. जेथे शक्य असेल तेथे ते मुलानेच स्वतःच्या हाताने लिहावे.

चौथे मागणे सर्वांत सोपे आणि सर्वांत अवघड. या तरुणांना आपण व्यासपीठावर बोलावून, शाल देऊन, टाळ्या वाजवून परत पाठवितो. त्याऐवजी त्यांना काम द्यावे. खुर्च्या मांडणे, ग्रंथालयातील पुस्तकांना क्रमांक लावणे, प्रसादाची पाकिटे भरणे, दारात उभे राहून आलेल्यांना अत्तर लावणे. काम सावकाश होईल, एखादे पाकीट कमी भरेल. त्याने उत्सवाचे काही बिघडत नाही. आणि त्या संध्याकाळी त्याचे आईवडील दोघे, बऱ्याच वर्षांनी कदाचित, एकत्र बसून नाटक पाहू शकतील. शेजारच्या खुर्चीवरचे आपण कोणी तरी मधून मधून मुलाकडे लक्ष ठेवू, एवढेच त्यांना आपण सांगावयाचे आहे.

येत्या गणेशोत्सवाच्या कामांची यादी कार्यवाहांकडे तयार होते आहे असे कळते. त्या यादीत या मुलांची नावे घालावीत, अशी विनंती करतो.